एका श्वासात किती

१९ जानेवारी २०२५, रविवार, संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे चिऊचं बोरन्हाण होतं. बायकोने चार दिवस आधीच सोसायटीच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं होतं. हलव्याचे दागिने तुळशीबागेतून आणून झाले होते. काळा फ्रॉक इस्त्री करून कपाटाच्या दाराला टांगला होता. चुरमुऱ्यांची मोठी पिशवी ओट्याखाली, बोरं आणि उसाचे करवे फ्रीजमध्ये.

त्या दिवशी पाच वाजता मी एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत उभा होतो. एक तरुण डॉक्टर बायकोच्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारून बघत होत्या. एकदा, दोनदा, मग दुसऱ्या पायावर. पाय ढिम्म. त्यांनी हातोडी खिशात ठेवली आणि विचारलं, "गेल्या दहा-बारा दिवसांत जुलाब झाले होते का?"

झाले होते. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, दोन दिवस. ओआरएस आणि दहीभातावर ते थांबले आणि आम्ही विसरूनही गेलो होतो.

"आता एक मोठा श्वास घ्या," डॉक्टर तिला म्हणाल्या, "आणि त्या एका श्वासात जेवढे आकडे म्हणता येतील तेवढे म्हणा."

ती म्हणत गेली. अठ्ठावीसला थांबली. मला वाटलं, पेशंटला जरा रमवायला काहीतरी विचारतायत. डॉक्टरांनी कागदावर २८ लिहिलं, त्याला गोल केला आणि आयसीयूत बेड आहे का ते विचारायला फोन उचलला.

(बायकोचं नाव या लेखात येणार नाही. "लिही, पण नाव टाकू नकोस," अशी तिची अट आहे. चिऊ हे मुलीचं घरातलं नाव. तेवढं चालेल म्हणाली.)

*

शुक्रवारी रात्री तिच्या तळपायांना मुंग्या येत होत्या. शनिवारी आम्ही तिघं बाहेरून आलो. लिफ्ट बंद होती, म्हणून जिन्याने चढत होतो. तिच्या पायातली चप्पल निसटली आणि ती तशीच दोन पायऱ्या वर गेली. तिला कळलंच नाही. चिऊ ओरडली, "आई, चप्पल!" आम्ही हसलो. रविवारी सकाळी ती जमिनीवर बसून बोरं निवडत होती आणि तिला उठता येईना. दोन्ही हात टेकून, मग सोफ्याला धरून, मग मी काखेत हात घालून उठवलं.

आम्ही धायरीत राहतो. तेव्हा पेपरात यातलं अजून फारसं काही आलेलं नव्हतं. दोन-तीन दिवसांत आलं आणि मग रोजच येऊ लागलं: सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, आणि एक नाव जे तोवर मी ऐकलेलं नव्हतं. गुलेन बॅरी सिंड्रोम. जीबीएस. त्या साथीत पुढे दोनशेपेक्षा जास्त रुग्ण झाले, काही जण गेलेही. आमच्या मजल्यावरच्या आयसीयूत बायकोसारखेच आणखी तिघं होते.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे घाबरल्यावर मी वाचतो. पहिल्या रात्री वेटिंग रूममधल्या लोखंडी खुर्चीत बसून जे कळलं ते असं. पोटात जंतुसंसर्ग होतो. शरीर त्याच्याशी लढायला अँटिबॉडीज तयार करतं. कॅम्पायलोबॅक्टर नावाचा एक जिवाणू आहे. पुण्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत तो सापडला. त्याच्या बाहेरच्या आवरणावरचा काही भाग आपल्या नसांवरच्या एका घटकासारखा दिसतो. जुलाब थांबतात, जंतू जातो, पण अँटिबॉडीज शोधतच राहतात आणि नसांना जंतू समजून त्यांच्यावर तुटून पडतात. बहुतेकांमध्ये सुरुवात पायांपासून होते आणि अशक्तपणा वर सरकत जातो. मांड्या, हात, चेहरा, गिळणं. आणि श्वास. साधारण चारांपैकी एकाला व्हेंटिलेटर लागतो. म्हणून ते आकडे. श्वासाचे स्नायू थकायला लागले की एका श्वासात मोजता येणारे आकडे कमी होत जातात.

बहुतेक लोक यातून बरे होतात, हेही वाचलं. पण रात्री दोन वाजता 'बहुतेक' हा शब्द फार उपयोगाचा नसतो.

*

सोमवारी नसांची तपासणी झाली, पाठीतलं पाणी काढलं आणि संध्याकाळी आयव्हीआयजी सुरू झालं. वजनाच्या किलोमागे ०.४ ग्रॅम, रोज, पाच दिवस. तिचं वजन ५८ किलो. म्हणजे पाच ग्रॅमच्या बाटल्या, दिवसाला पाच. एकूण पंचवीस. हे औषध कारखान्यात शून्यातून बनत नाही. हजारो लोकांनी दिलेल्या प्लाझ्मामधून अँटिबॉडीज वेगळ्या काढून ते तयार करतात. खाली फार्मसीतून बर्फाच्या पाकिटांत गुंडाळलेल्या बाटल्या घेऊन मी वर जायचो. फार्मसीवाले रोज बजावायचे, "हलवू नका हं, फेस येतो." चौथ्या मजल्यापर्यंत मी ती पिशवी दोन्ही हातांत धरून नेायचो असं म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल, पण खरंच तसंच न्यायचो. लिफ्टमध्ये कोणाचा धक्का लागू नये म्हणून कोपरा धरून उभा राहायचो.

घरी दोन आया आल्या. माझी आई बार्शीहून एसटीने, आणि सासूबाई संगमनेरहून. दोघींनी मिळून एक घर चालवायचं, एक तीन वर्षांची मुलगी सांभाळायची आणि एकमेकींसमोर रडायचं नाही, असं न बोलता ठरलं होतं. मी एक शीट बनवली. हॉस्पिटलमध्ये कोण कधी, चिऊला प्लेग्रुपमधून कोण आणणार, डबा कोण नेणार, वेगवेगळे रंग देऊन. शीट दोघींना व्हॉट्सॲपवर पाठवली. दोघींनी अंगठा पाठवला. त्यानंतर ती शीट कोणीही उघडली नाही. शेजारच्या काकू सकाळी येऊन विचारायच्या, "आज कोण जातंय?" आणि त्यांच्या डोक्यात ते सगळं नीट बसायचं.

ऑफिसात माझी अकरा दिवसांची रजा शिल्लक होती. मॅनेजर चांगला माणूस आहे. म्हणाला, "तू बघ तुझं, इथलं आम्ही बघतो." पण अकरा दिवस लगेच संपवून चालणार नव्हतं. पुढे किती लागतील ते कोणीच सांगत नव्हतं. म्हणून मी अर्धा दिवस लॉगिन करायचो, वेटिंग रूममधल्या एकमेव प्लगच्या शेजारून. कॉलवर मी बोलत असताना मागे लाउडस्पीकरवरून "बेड नंबर सातचे नातेवाईक" असं यायचं. मी वाक्य अर्धवट टाकून उठायचो. टीममधल्या कोणी कधी काही विचारलं नाही. एकदा फक्त एका ज्युनिअरने चॅटवर लिहिलं, "सर, डिप्लॉयमेंट मी करतो, तुम्ही बघू पण नका." हे वाचून मला पहिल्यांदा रडू आलं. बायकोला आयसीयूत नेताना आलं नव्हतं. डिप्लॉयमेंटवर आलं.

*

आयसीयूत भेटायची वेळ दिवसातून दोनदा. एका वेळी एकच माणूस, दहा मिनिटं.

मंगळवारी संध्याकाळी मी आत गेलो तेव्हा तिचा आकडा १९ होता. आवाज नाकातून येत होता. सिस्टरने बजावलं होतं, फार बोलायला लावू नका. मी हात धरला. काहीतरी मोठं बोलावं असं वाटत होतं. ती म्हणाली, "उद्या रेड डे आहे."

"काय?"

"प्लेग्रुपमध्ये. लाल टी-शर्ट..." श्वास. "मशीनमध्ये पडलाय. धुतलेला नाही."

मला राग आला. खोटं का सांगू. खरंच राग आला. मी म्हणालो, "तुला श्वास जपून ठेवायला सांगितलाय आणि तू तो टी-शर्टवर घालवतेस?" ती माझ्याकडे बघत राहिली. पापण्या तेव्हाच जड व्हायला लागल्या होत्या. मग हळू म्हणाली, "दुसरा आहे. खालच्या कप्प्यात. कॉलर फाटलीय, पण..." श्वास. "चालेल."

त्या दहा मिनिटांतली तीन मिनिटं लाल टी-शर्टवर गेली. बाहेर येऊन मी सासूबाईंना तक्रार केल्यासारखं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, तिला तिथे पडल्या पडल्या दुसरं काय करता येतंय? तेवढंच तिच्या हातात आहे."

बुधवारी सकाळी मी शहाणपणा केला. आत जाऊन म्हणालो, "घरी सगळं व्यवस्थित आहे. तू कशाची काळजी करू नकोस." आकडा १५ होता. तिने मान वळवली. सिनेमात वळवतात तशी नाही, जेमतेम एक इंच. पण मी तिच्याबरोबर चार वर्षं राहिलोय. तो एक इंच मला कळतो.

संध्याकाळी मी खरं सांगितलं. चिऊने रेड डेला फाटक्या कॉलरचा टी-शर्ट घातला आणि वर्गात एका मुलाला चावली, कारण तो म्हणाला की हा लाल नाही, गुलाबी आहे. दोन्ही आयांचं कुकरच्या शिट्ट्यांवरून वाजलंय, एकीची डाळ तीन शिट्ट्यांत शिजते आणि दुसरीची पाच. दूधवाल्याला कोणी सांगितलंच नाही, त्यामुळे फ्रीजमध्ये पाच लिटर दूध साचलंय आणि आईने त्याचं पनीर केलंय, जे कोणी खात नाहीये. बायकोच्या घशातून एक आवाज आला. मी घाबरून सिस्टरला हाक मारणार होतो. मग लक्षात आलं, ती हसतेय.

त्यानंतर रोज मी घरचा रिपोर्ट घेऊन जायचो. आदल्या रात्री फोनवर मुद्दे लिहून ठेवायचो. हे गोड वाटावं म्हणून सांगत नाहीये. मला तोवर वाटायचं की हॉस्पिटल हे खरं काम आणि घर ही त्यातली अडचण. डबा, कचरा, गॅस सिलिंडर, चिऊची सर्दी. ही सगळी खऱ्या कामातून वेळ खाणारी फालतू कामं. तिच्या बाजूने ते बरोबर उलटं होतं. छत, मॉनिटर, सलाईन हे सगळं तिच्यावर होत होतं. घर एवढंच असं काहीतरी होतं जे तिचं होतं आणि अजून चालू होतं. मी "काळजी करू नकोस" म्हणालो तेव्हा मी तिला त्यातून काढून टाकलं होतं.

*

आता एक गोष्ट सांगतो जी मी तेव्हा कोणालाच सांगितली नव्हती.

आमच्या पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग डिसेंबरमध्ये करायची होती. माझ्या फोनवर २० डिसेंबरचं रिमाइंडर होतं. ते वाजलं तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. पुढे ढकललं. परत वाजलं, परत ढकललं. तिसऱ्यांदा बंदच करून टाकलं. घरात ठरलेलं होतं की मशीनं आणि बिलं माझ्याकडे.

आमच्या कामात काही बिघडलं की आरसीए लिहितात, रूट कॉज अॅनालिसिस. काय झालं, का झालं, त्याच्या मागे का, त्याच्याही मागे का. वेटिंग रूममध्ये मी फोनवर एक नोट उघडली आणि सुरुवात केली. ६ तारखेला काय खाल्लं. ७ तारखेला काय खाल्लं. तिने ऑफिसजवळ पाणीपुरी खाल्ली होती का? रविवारचं चिकन मी आणलं होतं, नीट शिजलं होतं का? टँकर कोणत्या दिवशी आला? रोज पेपरात पाण्याच्या तपासणीची बातमी असायची आणि रोज मी त्या नोटमध्ये भर घालायचो. शेवटी प्रत्येक ओळ फिरून त्याच रिमाइंडरवर यायची.

आणि ते करताना मला बरं वाटायचं, हे सगळ्यात विचित्र. काहीतरी काम करतोय असं वाटायचं. आई फोन करून विचारायची, "चिऊ झोपत नाहीये, तुझ्याशी बोलायचंय म्हणते," आणि मी म्हणायचो, "थांब, कामात आहे."

गुरुवारी आकडा १२ झाला.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. अजून खाली गेलं तर वाट बघणार नाही, नळी घालून व्हेंटिलेटरवर घेऊ. आज रात्रीच लागू शकेल. फॉर्मवर सही करून ठेवा. सही केली. औषधाच्या बाटल्या चालू होत्या, पण त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो. त्या रात्री मी खाली बाकावर बसून होतो. शेजारी बेड नंबर सातचे काका होते. त्यांचा मुलगा आत होता, माझ्याच वयाचा. त्यांनी पिशवीतून एक पोळी-भाजीचा डबा काढला, झाकणात अर्धं वाढून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "खा. रात्र मोठी असते."

मी खाल्लं. वांग्याची भाजी होती. छान झाली होती. ती छान लागली याचंही मला अपराधी वाटलं.

साडेदहाला घरून व्हिडिओ कॉल आला. चिऊ जागीच होती. मला आता चिडायचीही ताकद नव्हती. म्हटलं, "काय करतेस?" म्हणाली, "लपाछपी. तू लप, मी मोजते." आणि डोळ्यांवर हात ठेवून ती मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार, सहा, आठ, अकरा. पाच तिला आवडत नाही. मी तिला थांबवलं नाही. तिने डोळे उघडले, "सापडला!" म्हणाली आणि दहा मिनिटांत आजीच्या मांडीवर झोपली.

मग मी ती आरसीएची नोट बंद केली. पुसून टाकली असं लिहायला आवडलं असतं, पण ती अजून फोनमध्ये आहे. फक्त त्या रात्रीनंतर त्यात काही लिहिलं नाही.

सकाळी आकडा १२ च होता. खाली गेला नव्हता. शुक्रवारी शेवटच्या पाच बाटल्या गेल्या. शनिवारी १४. रविवारी, २६ जानेवारीला, समोरच्या शाळेतून देशभक्तीची गाणी ऐकू येत होती आणि आकडा १७ होता.

*

२९ तारखेला तिला वॉर्डात आणलं. श्वास सुटला होता, बाकी काही सुटलं नव्हतं. नाकात नळी होती. हात कोपरापर्यंत उचलायचे, बोटं नाही. आणि चेहरा. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या नसा गेल्या होत्या. तिला डोळे पूर्ण मिटता यायचे नाहीत, रात्री पट्टी लावावी लागायची. तिला हसता यायचं नाही.

बोरन्हाणाचा विषय काकूंनी काढला. रथसप्तमीपर्यंत करता येतं आणि रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती. २ तारखेला रविवार येत होता. मी लगेच नाही म्हणालो. आई हॉस्पिटलमध्ये आणि घरी पोरीच्या डोक्यावर चुरमुरे ओतायचे? लोक काय म्हणतील, हेही मनात आलं. काकू म्हणाल्या, "लोक म्हणजे आम्हीच ना रे? आम्हीच म्हणतोय." मी विषय बायकोवर ढकलला, ती नको म्हणेल अशी आशा होती. तिने एवढंच विचारलं, "बोरं खराब झाली असतील. नवीन आणशील का?"

वॉर्डातल्या मावशींनी फोन धरायचं कबूल केलं. त्यांनी उशीला उशी लावून तिला बसवलं, केस विंचरले, आपल्या पर्समधली टिकली काढून लावली. घरी हॉलमध्ये पंधरा-वीस पोरं जमली होती. चिऊ पाटावर बसली होती, काळा फ्रॉक, हलव्याचा मुकुट, त्यातल्या दोन-तीन दाण्यांना मुंग्या लागलेल्या. चुरमुरे, बोरं, हरभरे, गोळ्या, सगळं तिच्या डोक्यावरून पडलं आणि पोरं तुटून पडली. मी फोन वर धरून उभा होतो. चिऊने वर बघितलं. स्क्रीनवर आई होती. पंधरा दिवसांनी दिसलेली. चेहरा सपाट, डोळे उघडे, ओठ सरळ रेषेत.

चिऊने विचारलं, "आई रागावलीय?"

हॉलमधली मोठी माणसं गप्प झाली. पोरं बोरं गोळा करत होती. मला काही सुचेना. स्क्रीनवरून आवाज आला, नाकातला, घोगरा, पण तिचाच.

"नाही गं. मी हसतेय. तोंड बंद पडलंय माझं. बिघडलंय."

चिऊने जरा विचार केला. "रिमोटसारखं?"

"हो. रिमोटसारखं."

"सेल घाल," चिऊ म्हणाली आणि हातातलं बोर खायला लागली.

*

१२ फेब्रुवारीला डिस्चार्ज मिळाला. म्हणजे डॉक्टरांनी सकाळी दहाला सांगितलं आणि विम्याची शेवटची मंजुरी येऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. व्हीलचेअरवरून गाडीत, गाडीतून परत खुर्चीत. घरी खरं काम तेव्हा सुरू झालं. रोज सकाळ-संध्याकाळ फिजिओ. मऊ चेंडू दाबणं, कणकेचा गोळा मळणं, भिंतीला धरून उभं राहणं. नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढते, असं फिजिओने सांगितलं. मी गुडघ्यापासून बोटांपर्यंतचं अंतर मनातल्या मनात मोजलं आणि गप्प बसलो. गुढीपाडव्याला ती वॉकर धरून दारापर्यंत आली. मे महिन्यात वॉकर सुटला.

फिल्टरचं मी तिला मार्चमध्ये सांगितलं. रात्री, चिऊ झोपल्यावर. मी तिच्या पायांना तेल लावत होतो. अख्खं भाषण तयार होतं. रिमाइंडर, तारीख, तीनदा ढकललं, सगळं. ती ऐकून घेत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या फिल्टरवर लाल दिवा लागलेला होता ना. मीपण रोज बघत होते. म्हटलं, तू करशील." मग थोडं थांबून, "त्या आठवड्यात मी ऑफिसात दोनदा पाणीपुरी खाल्ली. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू ओरडला असतास."

मी काहीच बोललो नाही.

"आता काय करायचंय त्याचं?" तिने विचारलं. "फिल्टरवाल्याला फोन केलास का?"

केला नव्हता. जानेवारीपासून आम्ही पाणी उकळूनच पीत होतो आणि त्या फिल्टरकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. दुसऱ्या दिवशी केला. माणूस आला, वीस मिनिटांत काम करून गेला. त्या लाल दिव्याचा तिच्या आजाराशी संबंध होता की नव्हता, हे मला कधीच कळणार नाही. हे मान्य करायला मला पंचवीस बाटल्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

कोणी मला विचारतं, "तू कसं निभावलंस?" मी निभावलं नाही. काकूंनी, दोन आयांनी, मावशींनी, बेड नंबर सातच्या काकांनी आणि एका ज्युनिअरने निभावलं. शिवाय हजारो अनोळखी लोकांनी, ज्यांचा प्लाझ्मा त्या बाटल्यांत होता. मी जे केलं ते एवढंच की उशिरा का होईना, "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्या माणसाला खरोखर काय लागतंय ते सांगायला शिकलो. "हो, लागतंय. उद्या चिऊला साडेबाराला आणाल का?" असं. लोक नाही म्हणत नाहीत. उलट त्यांना हायसं वाटतं.

तुमच्या घरातलं कोणी आत असेल आणि तुम्ही बाहेरच्या खुर्चीत बसून हे फोनवर वाचत असाल, तर एकच सांगतो. आत जाल तेव्हा घरचं सगळं सांगा. कुकरचं, दुधाचं, भांडणाचं. "सगळं छान आहे" म्हणू नका.

आज तिच्या पायाची बोटं अजून बधिर आहेत. संध्याकाळी लवकर थकते. केसांना क्लिप लावायला वेळ लागतो आणि मी मदतीला गेलो की चिडते. डाव्या बाजूने हसू किंचित कमी येतं, ते मलाच दिसतं. चिऊ आता चार वर्षांची होईल. वीसपर्यंत बरोबर मोजते, पाचसकट.

बोरन्हाण पाचव्या वर्षापर्यंत करतात. यंदाचं निमंत्रण टाकायचं काम माझ्याकडे आलंय. काल रात्री ग्रुपवर टाकलं: १८ जानेवारी, रविवार, संध्याकाळी पाच वाजता. दोन मिनिटांत काकूंचा मेसेज आला, "बोरं मी आणते." बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, एका बोटाने सावकाश टाइप केलं, "करवेपण."